पोळ्यासकट मध: प्रस्तावना

एप्रिलच्या अखेरीस महाडहून तळीयेकडे निघालो होतो. उन्हं वर आली होती. रस्त्याच्या कडेला एका आंब्याच्या सावलीत एक मावशी बसल्या होत्या. पुढ्यात अॅल्युमिनियमचं पातेलं, पातेल्यावर पळसाची पानं. पानं बाजूला केली तर आत तळहाताएवढं पोळं, ज्या काटकीला ते लटकत होतं ती काटकीही तशीच. काटकीभोवतीचा वरचा भाग मुठीसारखा फुगलेला, पांढुरक्या मेणानं बंद केलेला. एका कडेला सुरी लागली होती तिथून मधाचा थेंब हळूहळू मोठा होत होता. मावशींकडे बाटल्या नव्हत्या. मी विचारलं, "बाटलीत भरून नाही का विकत?"

"बाटलीतला कोन घेत नाय, भाऊ. साखरेचा म्हनतात. ह्याला बघा, झाकन माशीनं लावलंय. मी नाय लावलं."

मध पोळ्यासकट का विकला जातो, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला त्याआधी कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. पुढची तीन वर्षं मी आणि माझे सहकारी महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या मधपाळांकडे आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांतून फिरत राहिलो, ते त्या एका वाक्याचा मागोवा घेत. हे पुस्तक त्यातून झालं. विषयाशी ज्यांची ओळख नाही अशा वाचकांसाठी आधी थोडी जमीन नांगरून ठेवावी, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आपल्याकडे बोलताना 'मोहोळ' हा एकच शब्द सगळ्याला चालतो: माश्यांचं बिऱ्हाड, त्यांचं मेणाचं घर, कधीकधी नुसता मधसुद्धा. या पुस्तकात मोहोळ म्हणजे माश्यांसकट सगळा संसार आणि पोळं म्हणजे मेणाची षट्कोनी घरं असलेला पडदा, एवढा भेद पाळला आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पोळं बांधणाऱ्या माश्या मुख्यतः तीन. कड्यावर किंवा उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली एकच भलंमोठं उघडं पोळं लटकवते ती आग्या. झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते ती सातेरी. या तिघींत पेटीत नांदते ती हीच. आणि झुडपाच्या काटकीभोवती हातभर अंतरावर दिसेल असं इवलंसं पोळं करते ती फुलोरी. डंख नसलेली पोयाची माशी चौथी, पण ती मध पोळ्यात साठवत नाही, मेण आणि डिंक यांच्या छोट्या कुप्यांत साठवते. पाचवी युरोपीय मेलिफेरा, 1960च्या दशकात हिमाचलमध्ये स्थिरावली आणि तिथून पेट्यांतून देशभर गेली. सह्याद्रीच्या रानात ती पाहुणी आहे.

मावशींच्या पातेल्यातलं पोळं फुलोरीचं होतं. फुलोरीचा मध पोळ्यासकट विकला जातो यामागे साधं कारण आहे. ती पेटीत राहत नाही, तिचं पोळं चौकटीत बसत नाही, यंत्रात घालून मध काढावा एवढा तो असतही नाही. काटकी तोडायची आणि घरी आणायची. म्हणजे पोळ्यासकट मध ही रानातल्या माणसाची मूळ पद्धत आहे. मध पोळ्यातून वेगळा करणं ही नंतरची गोष्ट.

ती नंतरची गोष्ट समजण्यासाठी आधी मेण समजून घ्यायला हवं. कामकरी माशी साधारण बारा ते अठरा दिवसांची झाली की तिच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे पारदर्शक पापुद्रे पाझरतात. एका पापुद्र्याचं वजन जेमतेम एक मिलिग्रॅम. माश्या एकमेकींना धरून साखळीसारख्या लटकतात, आतली ऊब पस्तीस अंशांच्या आसपास राखतात, पापुद्रा तोंडानं चावून मऊ करतात आणि त्याची भिंत उभी करतात. एक ग्रॅम मेणाला असे हजारएक पापुद्रे लागतात. हे मेण फुकट होत नाही. एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. घरं किंचित वरच्या बाजूला कललेली असतात, त्यामुळे पातळ रसही ओघळत नाही. फुलातून आणलेल्या रसात पाणी भरपूर असतं. माश्या तो तोंडातोंडी फिरवतात, पंखांनी वारा घालतात, पाणी उडून तो पुरेसा दाट झाला की घरावर मेणाचं पातळ झाकण बसवतात. झाकण बसलं म्हणजे मध पिकला. ही खूण माशीची आहे, ती माणसाला लावता येत नाही. मावशी बोलल्या त्याचा अर्थ हाच.

आता पोळ्यातला मध महाग का, हेही उलगडतं. पेटीतली चौकट यंत्रात फिरवून मध काढला तर रिकामं पोळं माश्यांना परत देता येतं; त्या लगेच भरायला लागतात. तेच पोळं कापून गिऱ्हाइकाला दिलं तर माश्यांना पुन्हा पहिल्या पापुद्र्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यासाठी लागणारा मध मधपाळाच्या हिश्श्यातूनच जातो. पोळ्याचा तुकडा घेणारा गिऱ्हाईक मधाच्या किमतीत न भरलेल्या मधाचीही किंमत मोजत असतो.

मध पोळ्यातून वेगळा करण्याचा इतिहास जुना आहे, पण बराच काळ त्याची एकच रीत होती: पोळं पिळायचं. पचमढीच्या प्रस्तरचित्रांत मोहोळ काढणारी माणसं दिसतात. सुश्रुतानं मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल असे आठ प्रकार सांगितले; त्यातली बरीच नावं माशीवरून पडलेली आहेत, म्हणजे मध कोणत्या माशीचा हे ओळखण्याची गरज तेव्हाही होती. रानात पोळं हातानं पिळलं की मधाबरोबर पराग, अळ्या, अंड्यांचा रस, मेणाचा भुगा सगळंच फडक्यातून खाली येतं. असा मध लवकर आंबतो.

बदल झाला तो एकोणिसाव्या शतकात, तिघांच्या हातून. 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी सुटी चौकट असलेली पेटी सिद्ध केली. 1857 मध्ये जर्मनीत मेहरिंग यांनी षट्कोनाचे ठसे उमटवलेला मेणपत्रा केला. 1865 मध्ये ऑस्ट्रियन सैन्यातल्या ह्रुश्का यांनी चौकट फिरवून मध बाहेर फेकणारं यंत्र दाखवलं. पोळं न मोडता स्वच्छ मध मिळू लागला. मोठीच सोय झाली. पण त्याच क्षणी एक गोष्ट हातची गेली. बाटलीत उतरलेल्या मधावर माशीचं झाकण राहिलं नाही. अमेरिकेत मक्याचा ग्लुकोज स्वस्त झाला आणि बाटल्यांमध्ये शिरला. गिऱ्हाइकानं बाटलीकडे पाठ फिरवली आणि तो पोळ्याकडे वळला. साधारण 1880 ते पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ तिथं पोळ्याच्या मधाचा सुवर्णकाळ मानला जातो. लाकडी चौकोनी खणांत माश्यांकडून थेट पोळं बांधून घेत आणि तो खणच दुकानात ठेवत.

याच काळातला एक प्रसंग या पुस्तकाच्या दृष्टीनं मोलाचा आहे. 1881 मध्ये हार्वी वायली या रसायनशास्त्रज्ञानं एका मासिकात लिहिलं की पॅराफिनची पोळी करून त्यात ग्लुकोज भरून वर यंत्रानं झाकण लावतात. पुढे त्यानं ती गंमत होती म्हणून सांगितलं, पण तोवर ते वर्तमानपत्रांतून सर्वत्र पसरलं होतं. मधपाळांचा धंदा बुडायची वेळ आली. ए. आय. रूट या पेट्या बनवणाऱ्या व्यावसायिकानं असं कृत्रिम पोळं करून दाखवणाऱ्याला 1000 डॉलरचं बक्षीस लावलं. ते कुणालाही मिळालं नाही. 1906 मध्ये तिथं अन्नशुद्धीचा कायदा आला, बाटलीवरचा विश्वास परतला आणि पोळ्याची मागणी ओसरत गेली. ज्याच्यामुळे पोळ्याच्या मधावर किटाळ आलं, तोच वायली त्या कायद्यासाठी सर्वात जास्त झटला, हे मला फार बोलकं वाटतं.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली आणि ती सांगण्यासाठीच हे पुस्तक लिहिलं आहे. महाराष्ट्रात पेटीतलं माशीपालन रुजलं ते ग्रामोद्योगाच्या चळवळीतून. 1940च्या दशकात महाबळेश्वरला सातेरी पेटीत बसवण्याचं काम सुरू झालं. पुढे मधपाळांची सहकारी सोसायटी उभी राहिली, खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथंच आलं आणि 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. या पिढीचा सगळा आग्रह मध पोळ्यातून वेगळा करण्यावर होता. त्यांच्या डोळ्यांपुढे मशालीनं जाळलेली आग्यामोहोळं होती, पिळलेल्या अळ्या होत्या. पोळं न मोडता, एकही अळी न चिरडता काढलेला तो अहिंसक मध, असा त्यांचा विचार होता आणि तो मनापासूनचा होता. महाबळेश्वरची बाटली घरोघर गेली. आमच्या घरीही फडताळात ती असायची आणि आजी औषधाच्या चमच्यानंच त्यातला मध काढायची. बाटलीवरच्या खादीच्या चिठ्ठीनं माशीच्या झाकणाची जागा घेतली होती.

तेव्हा आपल्याकडे मधाचे दोन पंथ शेजारी शेजारी नांदत आले. घाटावर पेटीवाले, ज्यांना पोळं हे जपून ठेवायचं भांडं वाटतं. घाटाखाली कातकरी, धनगर आणि वाड्यांवरची कष्टकरी माणसं, ज्यांना पोळं हीच मधाची ओळख वाटते. एकाच घाटाच्या दोन टोकांना हे आहेत आणि एकमेकांबद्दल दोघांच्याही मनात अढी आहे. पेटीवाले म्हणतात, खालचे मोहोळं नासवतात. खालचे म्हणतात, वरचे माशीला साखर पाजतात. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. विदर्भात या दोघांमधली वाट काढण्याचा प्रयत्न झाला आहे: वर्ध्याच्या गोपाल पालीवाल यांनी आग्या मोहोळ न जाळता, संरक्षक कपडे घालून, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून पिलांचा भाग तसाच सोडण्याचं प्रशिक्षण रानातल्या मध काढणाऱ्यांना दिलं. कोकणात हे काम फार थोडं झालं आहे.

हा विषय आजच का? डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं देशातल्या 13 ब्रँडचे नमुने तपासले आणि त्यातले 10 जर्मनीत केलेल्या, भेसळ पकडणाऱ्या एनएमआर चाचणीत नापास झाल्याचं जाहीर केलं. नेहमीच्या चाचण्या चुकवतील अशी साखरेची सिरपं मुद्दाम बनवली जातात, हा त्यातला मुख्य मुद्दा. कंपन्यांनी ते नाकारलं. वाद संपला नाही, पण ग्राहकाच्या मनात किंतु राहिला. त्यानंतर शहरांतल्या दुकानांत पारदर्शक डब्यांतून पोळ्याचे चौकोनी तुकडे दिसू लागले, काही बाटल्यांत मधात बुडालेला पोळ्याचा तुकडा येऊ लागला. अमेरिकेत जे घडलं होतं तेच आपल्याकडे घडतं आहे. फरक एवढाच की आपल्या रस्त्यावरच्या पातेल्यात पोळं कधी बंदच झालं नव्हतं.

पण पोळं दिसलं की मध खरा, असं मानणाऱ्यांसाठी या पुस्तकात बरीच निराशा आहे आणि ती आम्ही लपवलेली नाही. महामार्गांच्या कडेला बादलीत पोळ्याचे तुकडे तरंगत असतात आणि खाली गुळाचा किंवा साखरेचा पाक असतो. पोळं तिथं केवळ मधाचं बोट लावायला ठेवलेलं. पेटीतल्या माश्यांना मोहराच्या दिवसांत साखरेचा पाक पाजला तर त्या तोही पोळ्यात भरतात आणि त्यावर इमानेइतबारे झाकण लावतात. मेणपत्र्यात पॅराफिनची भेसळ असते, आणि पोळं चावून खाणाऱ्याच्या पोटात ती जाते. मेलिफेराच्या पेट्यांत कीड मारायला वापरलेली औषधं मेणात मुरून राहतात. पोळं हा मधाचा साक्षीदार आहे, पण त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे.

ती कशी करायची, याचं थोडं इथंच सांगतो, कारण त्यासाठी पुस्तक संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. खायचं पोळं नव्या मेणाचं, पांढरट किंवा फिकट पिवळं असतं. काळपट तपकिरी पोळं म्हणजे त्यात पिढ्यान् पिढ्या पिलं वाढलेली. प्रत्येक अळी आपल्या कोशाचं अस्तर मागे ठेवून जाते आणि पोळं कागदासारखं चिवट होतं. खरेदी करताना घरांवर झाकणं आहेत का ते बघावं. उघडी घरं आणि त्यात पातळ द्रव म्हणजे एकतर कच्चा मध किंवा बाहेरून घातलेला पाक. पोळ्यात तार दिसली तर ते यंत्रात फिरवायच्या चौकटीतून कापलेलं आहे. तोंडात घातल्यावर चांगलं मेण मऊ होऊन गोळा होतं. ते गिळलं तरी अपाय नाही, पचत मात्र नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेतली व्याख्याही हेच सांगते: नव्यानं बांधलेलं, पिलं नसलेलं, झाकण लागलेलं पोळं. आणि बाळाच्या जिभेला मधाचं बोट लावण्याची आपली रीत कितीही प्रेमाची असली तरी वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून बाळाला बोटुलिझम होऊ शकतो आणि पोळ्यातला मध याला अपवाद नाही.

पोळ्याला हंगामही असतो. इथला मोठा मध जांभळाचा, मार्च ते मे. हिरडा, गेळा, पिसा, अंजनी यांचाही त्यात वाटा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा सगळे डोंगर जांभळे होतात आणि त्या वर्षी पोळी दाट, गडद मधानं जड होतात. या मधाची एक विलक्षण गोष्ट अशी की देशाच्या अन्नमानकांत तो नावानिशी आला आहे: इतर बहुतेक मधात सुक्रोज 5 टक्क्यांपर्यंतच चालतं, कारवीच्या मधाला 10 टक्क्यांची मुभा आहे. म्हणजे आपल्या डोंगरावरच्या एका झुडपासाठी कायद्यात वेगळी ओळ आहे आणि इथल्या शंभरात एकालाही ती माहीत नसेल. तिच्याअभावी खरा कारवीचा मध भेसळीचा ठरला असता. पाऊस सुरू झाला की मात्र पोळ्याचा धंदा संपतो. कोकणातली दमट हवा उघड्या मधात शिरते, तो फसफसतो, आणि मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या चार दिवसांत पोळ्याची जाळी करून टाकतात. म्हणून मावशींसारखी माणसं मेअखेरपर्यंतच रस्त्यावर दिसतात.

पुस्तकाचा आरंभ तळीयेपासून का, असं कुणी विचारेल. 22 जुलै 2021 रोजी कोसळलेल्या दरडीखाली इथली वाडी गाडली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दुःखाचा मधाशी संबंध जोडायला मी धजलो नसतो. पण या डोंगरात फिरताना एक गोष्ट वारंवार जाणवली. कुठल्या ऐनाच्या ढोलीत दरवर्षी सातेरी येते, कुठल्या कड्याला दिवाळीनंतर आग्या लागतं, कुठल्या करवंदीच्या जाळीत फुलोरी बसते, ही माहिती कुठंही लिहिलेली नाही. ती माणसांच्या डोक्यात आणि पायांत असते. डोंगर खाली आला, माणसं गेली, उरलेली माणसं दुसरीकडे नव्या घरांत राहायला गेली, की तो नकाशाही त्यांच्याबरोबर पुसला जातो. पलीकडे घाटावर मांघर हे गाव मे 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, याचा मला आनंद आहे. पण घाटाखालच्या वाड्यांकडचं ज्ञानही तितकंच मोलाचं आहे आणि ते नोंदवण्याची घाई आहे.

या पुस्तकानं तेवढंच करायचं ठरवलं. माशीपालनाचं हे पाठ्यपुस्तक नाही. तशी पुस्तकं मराठीत आहेत आणि चांगली आहेत. एका बाजूनं मेणाचं आणि मधाचं शास्त्र, दुसऱ्या बाजूनं काढणाऱ्यांची, विकणाऱ्यांची आणि खाणाऱ्यांची बोलणी, असं दोन्ही एकत्र विणण्याचा प्रयत्न आहे. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं आणि मोहोळांच्या जागा मुद्दाम गाळल्या आहेत, कारण जागा छापली की पुढच्या हंगामात तिथं मोहोळ उरत नाही. पेटीवाल्यांना यातली काही पानं टोचतील, रानातल्यांना काही. आमचा कल कुठं आहे तेही सांगून टाकतो: पोळ्यासकट मध विकला जावा, पण पिलांचा भाग सोडून, आणि तो काढणाऱ्याला कष्टाची किंमत मिळावी.

हे होऊ शकतं का, याबद्दल मी साशंक होतो. ओमानमध्ये फुलोरीचं पोळं काढताना मधाचा भाग कापून पिलांचा भाग चिरलेल्या काटकीत अडकवून परत झुडपात ठेवतात, असं वाचलं होतं. पुढच्या वर्षी मावशींना ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला घेऊन करवंदीच्या एका जाळीपाशी गेल्या. तिथं फुलोरीचं पोळं होतं. धुरी दिली, माश्या बाजूला सरकल्या. मावशींनी वरचा मधाचा गोळा विळ्यानं अलगद सोडवला, एक ओली काटकी मधोमध चिरली, खालचा पिलांचा तुकडा तिच्या फटीत धरला आणि दोन्ही टोकांना केळीच्या सोपटाची दोरी बांधून काटकी जाळीत पूर्वीच्याच उंचीवर खोचली. माश्या आधी पानांवर पसरल्या, मग एकेक करून पिलांवर येऊन बसू लागल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. पोळं माश्यांनी पूर्ण झाकलेलं होतं. मावशींनी हलकी फुंकर घातली, माश्या क्षणभर दुभंगल्या, आणि काटकीच्या वरच्या अंगाला नव्या मेणाची बोटभर पांढरी पट्टी दिसली.